शोभेचे मासे: निर्यातीच्या गप्पा आणि नागपूरची खोकी

शोभेच्या माशांच्या व्यवसायावर आपल्याकडे बोलणे निघाले की पहिल्या पाच मिनिटांत निर्यातीचा विषय येतो. जगाच्या व्यापारात भारताचा वाटा एक टक्क्याच्याही आत आहे, सिंगापूरसारखे चिमुकले बेट आपल्या कितीतरी पुढे आहे, आपल्याकडे नद्या आहेत, तलाव आहेत, मनुष्यबळ आहे, तेव्हा संधी अफाट आहे, असा हा क्रम ठरलेला असतो. माझी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षे शेतीपूरक व्यवसायांच्या कर्जविभागात गेली, त्यामुळे हा परिच्छेद प्रकल्प अहवालांच्या पहिल्या पानावर किती वेळा वाचला याची गणती नाही. घरी काचेच्या दोन-तीन टाक्या तेव्हाही होत्या, आजही आहेत. त्या टाक्यांना दिवसाआड हात घालणाऱ्या माणसाला त्या परिच्छेदातली गोम चटकन कळते. वाट्याचा आकडा खरा आहे, पण तो इतका लहान का राहिला याचे उत्तर शोधायला परदेशात जावे लागत नाही. ते नागपूर स्थानकावर उतरणाऱ्या थर्माकोलच्या खोक्यांत आहे.

हावडा ते मुंबई आणि दिल्ली ते चेन्नई हे देशातले दोन मोठे लोहमार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. शोभेच्या माशांच्या व्यापारालाही तोच नकाशा लागू पडतो. गोड्या पाण्यातील शोभेच्या माशांची पैदास देशात दोन ठिकाणी मोठ्या प्रमाणावर एकवटली आहे: एक पश्चिम बंगालमधील हावडा आणि दक्षिण चोवीस परगणा हा पट्टा, जिथे घरामागच्या पुकुरांत, म्हणजे लहान तळ्यांत, आणि सिमेंटच्या हौदांत पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालते, आणि दुसरे चेन्नईचे कोळत्तूर, जिथे वस्तीच्या वस्ती या धंद्यावर उभी आहे. तिसरा स्रोत मुंबईतील कुर्ल्याचा घाऊक बाजार. नागपूरच्या दुकानांत दिसणारा गोल्डफिश, एंजल, मॉली, टेट्रा, गुरामी यांतला बहुतेक माल या तिघांपैकी कुठून तरी आलेला असतो. विदर्भात पैदास करणारे मुळीच नाहीत असे नाही, पण बारा महिने सारखा, एका मापाचा आणि निरोगी माल देण्याची हमी त्यांच्यापैकी फार थोड्यांना देता येते, आणि दुकानदाराला नेमकी तीच हमी हवी असते.

या प्रवासात माशाचे काय होते, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. भरण्याआधी माशाला एक-दोन दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे पिशवीतल्या पाण्यात विष्ठा कमी पडते. मग पॉलिथिनच्या दुहेरी पिशवीत साधारण एक तृतीयांश पाणी आणि वर दोन तृतीयांश ऑक्सिजन भरून तोंडाला रबर बँड आवळतात आणि पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात बसवतात. बंद पिशवीत मासा श्वास सोडत राहतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्यामुळे पाणी आम्लधर्मी होत जाते. आणि माशाने टाकलेला अमोनिया अशा पाण्यात अमोनियमच्या, म्हणजे तुलनेने निरुपद्रवी, रूपात राहतो. म्हणून तीस-पस्तीस तास झाले तरी मासा पिशवीत जिवंत दिसतो. खरा घात पिशवी उघडल्यावर होतो. बाहेरची हवा लागली की विरघळलेला वायू निघून जातो, पाण्याचा पीएच झपाट्याने चढतो आणि तोच साठलेला अमोनियम विषारी अमोनियात बदलतो. आपल्याकडे अनेक दुकानांत पिशवी उघडी करून टाकीत तरंगत ठेवण्याची आणि अर्धा-पाऊण तास थोडे थोडे पाणी आत सोडण्याची पद्धत आहे. शेजारच्या दुकानातून घरी आणलेल्या माशासाठी ती पद्धत बरोबर आहे, पण दीड दिवस प्रवास करून आलेल्या मालासाठी ती घातक ठरू शकते. पिशवी बंद ठेवूनच तापमान जुळवावे, मग उघडून मासे जाळीने लगेच टाकीत घ्यावेत आणि पिशवीतले पाणी मोरीत ओतावे, एवढे केले तरी मरतूक बरीच कमी होते. हे शिकवायला ना अनुदान लागते ना परदेश दौरा.

आमच्या भागातल्या एका दुकानदाराला मी एकदा विचारले होते की घाऊक भाव इतका कमी असताना किरकोळीत तो दुपटी-तिपटीवर का जातो. त्याने हिशेब न मांडता एका वाक्यात उत्तर दिले: "काकाजी, मासा तं स्वस्तच पडते, पण मेलेल्याचे पैसे जित्यावर चढवा लागते." या धंद्याचे अर्थशास्त्र याहून नेमके कोणत्याही प्रकल्प अहवालात मला वाचायला मिळाले नाही. जिथे माल विकायचा त्याच्या तीन-चार तासांच्या अंतरात तो तयार झाला, तर मेलेल्याचा हा बोजा उतरतो. आणि देशातल्या उद्योगाची उभारणी करायची म्हणजे पहिल्यांदा हे अंतर तोडायचे, असे माझे मत आहे. नागपूर, रायपूर, जबलपूर, अमरावती, चंद्रपूर या शहरांना पुरेल एवढा साधा, निरोगी मासा नागपूरच्या आसपास तयार होऊ लागला, तर निर्यातीचा विचार करायला पाया तरी मिळेल. घरच्या गिऱ्हाइकाला सलग सहा महिने एकाच प्रतीचा मासा देता न येणारा पैदासकार परदेशी खरेदीदाराला तो कसा देणार?

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये केंद्राने शोभिवंत मत्स्यव्यवसायाचा ६१.८९ कोटी रुपयांचा पथदर्शी प्रकल्प आठ राज्यांसाठी जाहीर केला, त्यात महाराष्ट्रही होता. २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या संगोपन केंद्रासाठी ३ लाख, मध्यम केंद्रासाठी ८ लाख आणि पैदाशीसह एकात्मिक केंद्रासाठी २५ लाख रुपये असा प्रकल्पखर्च धरला गेला. सर्वसाधारण लाभार्थ्याला त्याच्या ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान, अशी रचना होती. रचना वाईट नाही. अडचण अशी की अनुदान ज्या गोष्टींवर मोजून देता येते, त्या गोष्टी म्हणजे शेड, हौद, पंप, मोटार आणि काचेच्या टाक्या. आणि हा धंदा ज्या गोष्टींवर चालतो किंवा बुडतो, त्या मात्र मोजमाप पुस्तिकेत बसत नाहीत.

कर्जाच्या पाहणीसाठी फिरताना बंद पडलेली केंद्रे मी बरीच पाहिली. शहराबाहेरच्या एका शेतावर हौदांवर सागाच्या फळ्या टाकून कांदे वाळत घातले होते, आणि मालकाला त्यात वावगे काही वाटत नव्हते, मलाही फारसे वाटले नाही. त्याने सांगितलेली कहाणी मात्र इतर ठिकाणच्या कहाण्यांशी तंतोतंत जुळणारी होती. प्रजननासाठी लागणारे नर-मादी त्याने बाजारातूनच घेतले होते, म्हणजे इतरांनी विकायला काढलेला माल याची बीजजोडी झाली होती. पहिल्या खेपेला पिल्ले भरपूर झाली, दुसऱ्या वर्षी रंग फिका पडला, तिसऱ्या वर्षी वाकड्या पाठीची पिल्ले निघू लागली. अहवालात जगण्याचे प्रमाण सरसकट ऐंशी-नव्वद टक्के धरलेले होते, मे महिन्याचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि हप्ता तिसऱ्या महिन्यापासून सुरू झाला होता.

बीजजोडीचा हा प्रश्न गप्पीच्या उदाहरणाने चांगला कळतो, कारण गप्पी हा सर्वांत सोपा मासा समजला जातो. गप्पी पिल्ले देतो, अंडी घालत नाही. साधारण महिन्याभराने मादी वीस-पंचवीस, कधी त्याहून जास्त पिल्ले टाकते, आणि जागीच झाडोरा किंवा जाळी नसेल तर त्यातली बरीचशी स्वतःच गिळते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असते. मात्र एकदा नराचा संग झाला की मादी त्याचे शुक्राणू अंगात साठवून ठेवते आणि पुढच्या काही वेतांना नर जवळ नसतानाही ते वापरते. म्हणून एखादे वाण शुद्ध राखायचे असेल तर पिल्ले तीन-चार आठवड्यांची होण्याच्या आतच नर आणि मादी वेगळे करावे लागतात. पोटाखालचा पर लांबट व टोकदार होऊ लागला तो नर, पंख्यासारखा राहिला ती मादी, आणि मादीच्या पोटाशी मागच्या बाजूला गडद डाग. भिंगाखाली पाहून, बशीत एकेक पिल्लू घेऊन हे निवडायचे असते. हे काम कंटाळवाणे आहे, डोळे दुखवणारे आहे आणि त्याला कोणत्याही योजनेत अनुदान नाही. जपानच्या निइगाता प्रांतातील यामाकोशी भागात कोई कार्पची पैदास करणारी कुटुंबे पिल्लांच्या प्रचंड संख्येतून हंगामात पुनःपुन्हा निवड करतात आणि शेवटी मूठभरच ठेवतात. कोईला जो भाव मिळतो तो या निवडीचा आहे. आपल्याकडे जे जगले ते सगळे विकायचे असते.

खाद्याबाबतही तेच. पिल्लांना पहिल्या दिवसांत तोंडात मावेल असे जिवंत खाद्य लागते: आधी सूक्ष्मजीवांचे पाणी, मग आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जीवाची नुकती फुटलेली पिल्ले, मग मोईना, म्हणजे गोड्या पाण्यातले पिसवेएवढे जीव. आर्टेमियाची चांगली अंडी बाहेरून येतात आणि महाग पडतात, म्हणून पैदासकार नाल्यातल्या ट्युबिफेक्स किड्यांकडे वळतो, आणि त्या किड्यांबरोबर नाल्यातले रोगही हौदात येतात. मोईना घरच्या घरी, ड्रमच्या हिरव्या पाण्यात वाढवता येते. ते कौशल्य हाती आले की निम्मी लढाई जिंकली म्हणायची. रंगासाठी खाद्यात कॅरोटिनॉइड, म्हणजे पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये, लागतात आणि झेंडूच्या पाकळ्यांची भुकटी त्यासाठी उपयोगी पडते हे प्रयोगांनी दाखवले आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सीताबर्डीच्या फुलबाजारापाशी झेंडूचे जे ढीग सडत पडलेले असतात, ते पाहताना मला दरवर्षी हेच आठवते.

आणि नागपूरचे हवामान! आमच्याकडे नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबरच्या काही रात्री १० अंशांच्या खाली येतो. शोभेच्या बहुतेक उष्णकटिबंधीय माशांना २४ ते २८ अंशांचे पाणी मानवते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात तो ७ मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो, आणि गरम पाण्यात माशाची भूक व श्वास दोन्ही वाढलेले असतात. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी पुरवठा आटतो. त्यात दुपारी वीज गेली आणि हवेचा पंप थांबला की खेळ आटोपतो. हिवाळ्यात उलट होते, पाणी गार पडले की अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग टाकीच्या टाकी रिकामी करतो. कोळत्तूरचा किंवा हावड्याचा नमुना इथे जसाच्या तसा आणून चालणार नाही. अर्धे जमिनीत उतरवलेले हौद, वर हिरवी जाळी, पश्चिमेला वाळ्याच्या ताट्या, विजेच्या खोळंब्यासाठी बॅटरीवर चालणारे पंप, आणि मे महिन्यात पैदास न करता फक्त बीजजोडी सांभाळणे, असे इथले वेळापत्रक इथेच बसवावे लागेल. पाण्याचेही तसेच: बोअरचे जड, म्हणजे क्षार जास्त असलेले, पाणी ज्यांच्याकडे आहे त्यांनी मॉली, प्लॅटी, गप्पी करावेत, त्यांना ते मानवते, मऊ पाणी मागणाऱ्या डिस्कसच्या नादी लागू नये.

नागपुरातच तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरात आहे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या शहरात मत्स्यविज्ञानाचे महाविद्यालय कशाला, असा प्रश्न लोक गमतीने विचारतात. माझ्या मते शोभेच्या माशांसाठी याहून योग्य जागा नाही, कारण या धंद्याला समुद्र लागत नाही, लागतात त्या प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक आणि रेल्वे. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथे गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था आहे, तिने देशी शोभिवंत माशांच्या पैदाशीवर काम केले आहे आणि ओडिशातल्या गावांत महिलांचे गट उभे राहिले आहेत. तसे काही विदर्भात व्हायचे तर सुरुवात प्रशिक्षण वर्गाने न होता बीजजोडीच्या पेढीने व्हायला हवी: पाच-सहा वाणांची शुद्ध, नोंद ठेवलेली, रोगमुक्त बीजजोडी एका ठिकाणी राखायची आणि पैदासकाराला दर दोन वर्षांनी बदलून द्यायची.

बाहेरच्या देशांचे दाखले आपल्याकडे दिले जातात ते बहुधा अर्धेच. सिंगापूरहून जाणाऱ्या माशांतले कितीतरी मासे मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड इथे जन्मलेले असतात; सिंगापूरचे कसब विलगीकरण, प्रतवारी, भरणी आणि विमानाच्या वेळा सांभाळण्यात आहे. श्रीलंकेत निर्यातदार लहान कुटुंबांना पिल्ले आणि खाद्य देतात आणि वाढवलेला मासा ठरलेल्या भावाने परत घेतात. झेक प्रजासत्ताकासारखा समुद्र नसलेला, थंड हवेचा देश घरगुती पैदासकारांच्या जोरावर या व्यापारात टिकून आहे. तिन्ही ठिकाणी हौद बांधणारा, वाढवणारा, तपासणारा आणि विकणारा ही माणसे वेगवेगळी आहेत. आपल्याकडे ३ लाखांच्या परसातल्या केंद्राकडून हे सगळे एकाच माणसाने करावे अशी अपेक्षा असते.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त खुपते. जगात गोड्या पाण्यातले जे शोभेचे मासे विकले जातात, त्यांतले सुमारे नव्वद टक्के हौदांत पैदास केलेले असतात. भारतातून बाहेर जाणाऱ्या माशांचे प्रमाण नेमके उलटे आहे: त्यांतला फार मोठा भाग ईशान्येकडच्या आणि पश्चिम घाटातल्या ओढ्या-नद्यांतून पकडलेला असतो आणि बहुतांश कोलकात्याहून रवाना होतो. म्हणजे आपण दुकानात विकतो ती अमेझॉनच्या एंजलची आणि त्रिनिदादच्या गप्पीची संतती, आणि बाहेर पाठवतो ते आपल्या नदीतले मासे. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे केरळ-कर्नाटकातल्या नद्यांत सापडणारा, लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब, ज्याला व्यापारात 'मिस केरळ' म्हणतात. फ्रान्सिस डे या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये त्याचे वर्णन केले होते. शंभराहून अधिक वर्षे त्याकडे कोणी फिरकले नाही, १९९० च्या दशकात तो परदेशी प्रदर्शनांत गाजला आणि मग नद्यांतून तो इतका उपसला गेला की २००८ मध्ये केरळ सरकारला पकडीवर निर्बंध घालावे लागले. आज तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे, आणि परदेशातल्या फार्मांत त्याची पैदास होऊन तो विकलाही जातो. आपण मूळ मालक राहिलो ते फक्त नावापुरते.

झेब्रा डॅनिओ या आडव्या पट्ट्यांच्या देशी माशाचीही गत फार वेगळी नाही. १८२२ मध्ये हॅमिल्टन या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिताना या बोटभर माशाची नोंद केली. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी त्यात चकाकणाऱ्या प्रथिनाचे जनुक घातले आणि २००३ पासून तो अमेरिकेत नाममुद्रा लावून विकला जाऊ लागला. आता तसला चकाकता मासा आपल्या दुकानांतही येतो, जनुकबदल केलेल्या जीवाला आपल्याकडे परवानगी लागते हे कोणी विचारत नाही.

नदीतला मासा पकडूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रोच्या काठी बार्सेलोस या गावाचा संसार कार्डिनल टेट्रा पकडण्यावर चालत आला आहे, आणि त्या उत्पन्नामुळेच तिथल्या लोकांना जंगल तोडण्याची गरज पडत नाही असा अनुभव अभ्यासकांनी मांडला आहे. प्रश्न कोण पकडतो, किती पकडतो आणि नोंद कोण ठेवतो, हा आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर द्यायला पूर्व विदर्भाइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यात असलेले तलाव, हजारोंनी आहेत. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव भातासाठी होते. त्यांतली मासेमारी ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे आहे, त्या तलाव ठेक्याने घेतात आणि त्यात रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडतात. जाळे ओढले की मोठ्या माशांबरोबर बोटभर लांबीचे कितीतरी मासे येतात: आरपार दिसणारा काचमासा, शेपटीजवळ काळा ठिपका असलेले पुंटियस, काळी रेघ ओढलेला रासबोरा, तळाशी चिखलात लपणारे लोच, ठिपक्यांची लहान वाम. संस्थेच्या एका सभासदाशी बोलताना मी काचमासा बाटलीत धरून उजेडात दाखवला आणि हा परदेशात विकला जातो म्हटले, तेव्हा तो हसला. "साहेब, याले आमी खातो बी नाई, पोट्टे खेळते याच्यासंगं." त्याला मी हेही सांगितले नाही की बाहेर याच माशाच्या पाठीत सुईने रंग टोचून 'रंगीत काचमासा' म्हणून तो विकण्याचा अघोरी प्रकार बराच काळ चालत आला आहे.

या लहान माशांचे तीन-चार प्रकार संस्थांनी स्वतःच्या देखरेखीखाली, विणीचा पावसाळी काळ सोडून, मोजून पकडावेत आणि त्यांतूनच पैदाशीची सुरुवात करावी, ही कल्पना मला व्यवहार्य वाटते. तिला दोन अटी आहेत. पहिली, गावाच्या ताटातला मासा काचेत जाता कामा नये; लहान मासा काट्यासकट खाल्ला जातो आणि गरिबाच्या घरी त्याचे मोल रोहूपेक्षा कमी नसते. दुसरी, बीज सोडताना तलावातली देशी झाडोऱ्याची जागा शिल्लक ठेवावी लागेल, कारण या माशांची अंडी तिथेच चिकटतात. हैदराबादहून किंवा कोलकात्याहून आलेला दलाल हे पाळणार नाही. ठेका ज्यांच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या राहणार आहे ती संस्था पाळू शकते.

मत्स्यव्यवसायाचे आकडे टनांत मोजले जातात, हीही एक अडचणच आहे. रोहूचे उत्पादन टनांत सांगता येते. गप्पी जोडीने विकला जातो, आणि एक टन गप्पी म्हणजे काय याची कल्पना करणेही अवघड आहे. त्यामुळे तालुक्याच्या अहवालात हा व्यवसाय दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याला धोरण मिळत नाही. मिळाले तर अचानक मिळते. मे २०१७ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालण्याच्या कायद्याखाली मत्स्यटाक्यांच्या दुकानांसाठी नियम निघाले आणि त्यात १५८ जातींचे प्रदर्शन व विक्री रोखण्यात आली. व्यापारी, पैदासकार आणि छंदी सगळे हादरले, आणि त्याच वर्षी ते नियम मागे घ्यावे लागले. त्या नियमांमागची काळजी मला पटत होती. गोल बरणीत गोल्डफिश ठेवण्याला माझाही विरोध आहे. परंतु प्रवाळातले मासे आणि हौदात जन्मलेले मासे यांना एका यादीत बसवणाऱ्यांनी एकदा तरी कोळत्तूरची गल्ली पाहिली असती तर बरे झाले असते.

नियंत्रण हवे ते दुसऱ्या ठिकाणी. टाकीची काच चाटून साफ करतो म्हणून घेतलेला आणि पुढे टाकीत मावेनासा झालेला परदेशी सकर मासा लोक तलावात सोडून देतात. आंध्र, तेलंगण, केरळच्या पाण्यांत तो पसरला आहे आणि महाराष्ट्रातल्या जलाशयांतही आढळतो. २०२३ मध्ये तर श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला. हा मासा तिथे चालत गेलेला नाही. नागपूरच्या फुटाळा तलावावर रविवारी संध्याकाळी पिशवीतून मासे सोडून पुण्य जोडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांना थांबवताना माझेच हसे झाले आहे. ज्याच्याकडून मासा घेतला त्याने तो परत घ्यायचा, निदान मोठ्या होणाऱ्या जातींसाठी, एवढा एक नियम दुकानाच्या परवान्यात घातला तरी मालगुजारी तलावांपर्यंत हे संकट पोहोचण्याआधी वेळ मिळेल. एकदा सकर त्या तलावांत शिरला की देशी शोभिवंत माशांच्या सगळ्या योजना कागदावरच राहतील, आणि ढिवरांची जाळी फाटतील ती वेगळीच.

माझ्या जुन्या खात्याला एवढेच सुचवावेसे वाटते की परसातल्या केंद्राला कर्ज देताना अहवालाचे पहिले पान वाचू नये. बीजजोडी कुठून आणली याची पावती पाहावी, मोईनाचा ड्रम झाकण काढून पाहावा, एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता हौदातल्या पाण्याचे तापमान घ्यावे आणि माल घेणाऱ्या दोन दुकानदारांशी बोलावे. एंजलला वयात यायला आठ-दहा महिने लागतात, गोल्डफिशला वर्षाच्या आसपास. तेव्हा पहिला हप्ता तिसऱ्या महिन्यात न लावता पैदासकाराने एक नवतपा ओलांडल्यावर लावावा. त्याचे हौद जूनमध्ये जिवंत असतील तर दिवाळीपर्यंत पैसे येतात, हे मी वसुलीच्या टेबलावर बसून पाहिले आहे.